साडेएकोणीस

विनमक्काच्या पूर्वेला, हायवेला लागून
माझं टायरचं दुकान. समोर मिठाळ सपाटी,
मागे डोंगर. मध्ये वारा राहतो, भाडं देत नाही.

मार्व्हेला स्टॉजिल मंगळवारी आली.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई;
इंजिन बंद केल्यावरही आरशात बघते,
मागे कुणी झोपून राहिलंय का.
म्हणाली, "सोळाची चाकं काढ, साडेएकोणीसची घाल.
मोठं चाक खड्डा ओलांडून जातं.
लहान चाक खड्ड्यात उतरून
चौकशी करत बसतं."

मी म्हटलं, चाक म्हणजे चप्पल नव्हे,
एक नंबर मोठी घेतली नि कापूस कोंबला.
टायरच्या कुशीवरचं सगळं वाचावं लागतं,
रुंदी, उंची, किती भार सोसेल,
आणि शेवटी चार आकडे:
कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात जन्म.
तिचे टायर नक्षीने कोरे होते, वयाने बारा वर्षांचे.
न झिजताही म्हातारं होता येतं.
"मला शिकवतोस?" ती म्हणाली.

मग काटा. एकेक चाक वेगळं तोललं.
पुढची दोन्ही शहाणी. मागची उजवी जोडी ठीक.
मागची डावी
सातशे पौंडांनी जड.
"डावीकडे काय भरलंय?"
ती रेडिओच्या बटणाकडे बघत राहिली.
पलंगाखालचा कप्पा उघडला, तर दगड.
दुधाच्या क्रेटांत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
बाहेरून नुसते बटाटे.
"कापल्याशिवाय कळत नाही आत काय आहे."
"मग कापत का नाहीस?"
"कळेल ना."

यावर माझ्याकडे दर लावलेला नव्हता.
निम्मी क्रेटं उजवीकडे नेली, घाम आला.
मागच्या जोडीत बोटभर फट ठेवली,
दोन टायरांमध्ये हवा हवी,
नाहीतर घासून तापतात, भावाभावांसारखे.

आणि सांगून टाकलं: चाक वाढलं की फेरे घटतात.
मीटर फेरे मोजतो, रस्ता नाही.
तो साठ दाखवेल तेव्हा तू पासष्टने पळत असशील.
चढाला इंजिन कुरकुरेल.
"स्पोकेनला मुलगी आहे ना? किती लांब?"
"सहाशे मैल."
"याला साडेपाचशेच वाटतील. वीस मिनिटांत
दुरुस्त करून देतो."
ती थांबली.
"वेग मला तळपायाला कळतो," म्हणाली,
"मैल राहू दे तसेच."

माझा आजा बास्क मुलखातून इथे आला, मेंढ्यांमागे.
त्याचंही घर चाकांवरच होतं,
छत किंतानाचं, चाकं लाकडी, वर लोखंडी धाव.
एका आऱ्याला लाल चिंधी बांधायचा
आणि चिंधी वर आली की एक,
असं मोजत झऱ्यापर्यंत जायचा.
बत्तीस साली कुणाच्या मोडक्या फोर्डची
रबरी चाकं मिळाली. ठेंगणी.
चालणं मऊ झालं, भांडी वाजेनाशी झाली,
पण त्या उन्हाळ्यात त्याच्या वहीत
झरा चारशे फेऱ्यांनी लांब गेला.
जुना आकडा त्याने खोडला नाही.
नवा खाली लिहिला, आणि शेजारी:
मेंढ्यांना पटलं नाही.

मार्व्हेला पाचच्या सुमारास निघाली.
जुनी स्टेपनी आता कुठल्याच आसाला लागत नव्हती,
ती इथेच टाकली. त्यात मांजर झोपतं.
पैसे मोजून दिले, वर बक्षीस म्हणून एक दगड.
वाऱ्याने आपटू नये म्हणून
दुकानाच्या दाराशी लावून ठेवलाय.

ग्राइंडरचं चाक आहे माझ्याकडे, सात इंची.
पुरेल.